अक्षरी सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर फक्त

माणसांप्रमाणे आकड्यांनाही नशीब लागतं. साताला सप्तर्षी मिळाले, सप्तपदी मिळाली, आठवड्याचे वार मिळाले. साडेतीनची गोष्ट तर विचारूच नका. धड पूर्ण आकडासुद्धा नाही, पण मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन आणि पेशवाईतले शहाणेही साडेतीनच. छत्तीसमधले तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसले, तर घराघरांतल्या भांडणांना त्यांचं नाव लागलं. चारशेवीसची बदनामी कायद्यानं झाली. २०२४ साली ती जुनी दंडसंहिता गेली आणि फसवणुकीचं कलम तीनशेअठरा झालं, पण अजून कुणी कुणाला "अरे, तो पक्का तीनशेअठरा आहे" असं म्हणाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आकड्याला एकदा लागलेला डाग संसदेच्या ठरावानंही निघत नाही. आणि जरा मोठ्या आकड्यांत शिरलं तर आपले सतराशे साठ. भानगडी असोत, सबबी असोत की पाहुण्यांचे नखरे असोत, मराठी घरात ते सतराशे साठच असतात. सतराशे एकसष्ट होऊ देण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

ह्या खानदानी मंडळींच्या रांगेत ६१७४ हा आकडा नेऊन उभा केला तर तो पत्ता चुकलेल्या पाहुण्यासारखा दिसेल. ना म्हणीत, ना मुहूर्तात, ना कायद्यात. विजेच्या बिलावर असावा, शाळेच्या फीच्या पावतीवर असावा, फार तर एखाद्या स्कूटरच्या पाटीवर असावा, असा चेहरा. आम्ही बँकेतली माणसं दिवसभर असे शेकडो आकडे पाहतो, ते अक्षरी लिहितो आणि पुढे 'फक्त' लिहून त्यांचं तोंड बंद करतो. पण ६१७४ पुढे 'फक्त' लिहिताना माझा हात घोटाळतो. कारण जगभरच्या गणितवाल्यांत ह्या आकड्याला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात, आणि तो शोधून काढला नाशिकजवळच्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांनी.

आधी त्याची करामत सांगतो. चार अंकी कुठलाही आकडा घ्या. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. त्यातले अंक आधी उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या क्रमानं मांडा, आणि मोठ्या आकड्यातून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचीही पुन्हा हीच गत करा. उदाहरणाला आपले घरचेच सतराशे साठ घेऊ. १७६० चे अंक उतरते मांडले की ७६१०, चढते मांडले की ०१६७. वजाबाकी ७४४३. आता ७४४३ मधून ३४४७ गेले, राहिले ३९९६. ९९६३ मधून ३६९९ गेले, राहिले ६२६४. ६६४२ मधून २४६६ गेले, राहिले ४१७६. ७६४१ मधून १४६७ गेले, राहिले ६१७४. आता आणखी पुढे जाऊ म्हणाल तर ६१७४ चे अंक उतरते मांडले की पुन्हा ७६४१, चढते मांडले की पुन्हा १४६७, आणि उत्तर पुन्हा ६१७४. संपलं! गाडीनं शेवटचं स्टेशन गाठलं. सतराशे साठ भानगडींतून माणूस पाच वजाबाक्यांत सुटला.

तुम्ही म्हणाल, हा योगायोग असेल. मीही तसंच म्हटलं होतं आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचं साल घेतलं होतं. १९६० ने जरा वेळ लावला. ९४४१, ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ असा सात ठिकाणी थांबत थांबत तो आला, पण शेवटी आला ६१७४ वरच. सातपेक्षा जास्त पायऱ्या कुणालाच लागत नाहीत. ०००० पासून ९९९९ पर्यंत, सारखे अंक असलेले दहा आकडे वगळून, जे ९,९९० आकडे उरतात त्यांतल्या २,१८४ आकड्यांना सात पायऱ्या लागतात. सर्वांत मोठी गर्दी तीन पायऱ्यांत पोचणाऱ्यांची, २,४०० आकड्यांची. एकाच पायरीत घर गाठणारे भाग्यवान, स्वतः ६१७४ धरून, फक्त ३८४. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. वजाबाकीत डावीकडे शून्य आलं तर ते टाकायचं नाही. ०९९९ आलं तर ते ०९९९ च धरायचं. शून्याला डाव्या बाजूला किंमत नसते हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि पुढे ऑफिसात अनुभवतोही, पण कापरेकरांच्या दरबारात डावीकडच्या शून्यालाही खुर्ची आहे.

हा खेळ मी आमच्या शाखेत दुपारच्या डब्याच्या वेळी सांगितला. चार अंकी आकडा म्हटल्यावर सगळ्यांच्या डोक्यात आला तो आपापल्या एटीएम कार्डाचा पिन. जो तो हाताचा आडोसा करून, डब्याखालच्या वर्तमानपत्राच्या कडेला वजाबाक्या करू लागला. पाच मिनिटांत एकेक जण ओरडू लागला, "मला आला!" "मलाही आला!" बँकेच्या गुप्ततेला ह्यात कुठेही बाध येत नाही, कारण उत्तरावरून मूळ आकड्याचा माग काढणं अशक्य. सगळे ६१७४. एवढ्यात आमचे मॅनेजर कागद फडफडवत म्हणाले, "छे! काहीतरी चुकतंय तुमचं. माझं तर पहिल्याच फटक्यात शून्य आलं." खोलीत एकदम शांतता पसरली. साहेबांच्या पिनमधले चारही अंक सारखे आहेत हे आता शिपायापासून सर्वांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेब दहा मिनिटं लवकर आले आणि थेट एटीएमच्या खोलीत शिरले.

आता हा आकडा ज्यांच्या हाती लागला त्या गृहस्थांविषयी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, गाव डहाणू. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. म्हणजे घरात आकडेमोड होतीच, फक्त ती ग्रहांच्या घरात चाले. आई गेली तेव्हा मुलगा आठ वर्षांचा होता. ठाण्याच्या शाळेत शिक्षण झालं, पुढे पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झाली. त्यापुढे पदवी नाही. एम. एस्सी. नाही, डॉक्टरेट नाही, विलायत नाही. १९३० मध्ये ते देवळालीच्या शाळेत मास्तर झाले आणि १९६२ साली तिथूनच निवृत्त झाले. बत्तीस वर्षं एकच गाव आणि तीच शाळा. आमच्याकडे तीन वर्षं एका शाखेत काढली तर माणूस बदलीच्या भीतीनं रात्री दचकून उठतो.

त्या बत्तीस वर्षांत ह्या माणसानं काय केलं? आकड्यांशी गप्पा मारल्या, असंच म्हणावं लागेल. दारूड्याला जशी नशा उतरू द्यायची नसते तसं माझं आकड्यांच्या बाबतीत होतं, अशा अर्थाचं ते स्वतःच सांगत. सायकलवरून शिकवण्यांना जात, आणि मधल्या वेळात नदीकाठी बसून आकडे हुंगत. बरं, नुसते हुंगून सोडून देत नसत, त्यांना नावंही ठेवत. नावं ठेवण्यात आपण मराठी माणसं तरबेज आहोतच, पण ही चांगल्या अर्थाची नावं. डोंबिवली स्टेशनावर (जुन्या स्पेलिंगनं 'डेम्लो') काही आकडे सुचले, त्यांचं नाव डेम्लो संख्या. १, १२१, १२३२१ अशी ही मंडळी. ११ चा वर्ग १२१ आणि १११ चा १२३२१. चढून वर जायचं आणि तसंच खाली उतरायचं, हे डोंबिवलीच्या पुलावर सुचलं असावं असं तिथल्या कुणाही पासधारकाला वाटेल.

दुसरी एक जात त्यांनी काढली ती 'स्वयंभू' संख्यांची. कुठल्याही आकड्यात त्याच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवा आकडा जन्माला येतो. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. म्हणजे २१ हा २४ चा बाप. १०१ ला तर दोन बाप आहेत, ९१ आणि १००. त्या घरगुती प्रश्नात आपण शिरू नये. पण २०, ३१, ४२, ५३ ह्यांना बापच नाही. कुठल्याही आकड्यात त्याचे अंक मिळवून ते येत नाहीत. आपल्याकडे ज्याचा कर्ता सापडत नाही त्या देवाला स्वयंभू म्हणतात. कापरेकरांनी तोच मान ह्या आकड्यांना दिला. इंग्रजीत त्यांना देवळालीच्या नावानंही ओळखतात.

आणि तिसरी जात 'हर्षद'. ज्या आकड्याला त्याच्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो तो हर्षद, म्हणजे हर्ष देणारा. बारा घ्या. एक आणि दोन तीन, तीन चोक बारा. झाला हर्ष. एवढ्याशा गोष्टीनं ज्याला हर्ष होतो त्याला महागाई भत्त्याची वाट पाहावी लागत नाही. आता ६१७४ च पाहा. अंकांची बेरीज अठरा. ६१७४ ला अठरानं भागलं तर ३४३, बाकी शून्य. म्हणजे हे गृहस्थ हर्षदही आहेत. शिवाय ३४३ म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात. आणि त्याच अठराची आणखी एक गंमत: १८, त्याचा वर्ग ३२४ आणि त्याचा घन ५८३२, तिघांची बेरीज करा. ६१७४. मी ही बेरीज तीनदा करून पाहिली. सवय आहे.

हा आकडा कापरेकरांना १९४६ साली गवसला. त्यांनी तो १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. पुढे न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' ह्या नियतकालिकात १९५५ साली त्यावर त्यांचा लेख आला, ६१७४ ह्या संख्येचा एक मनोरंजक गुणधर्म अशा अर्थाच्या साध्या मथळ्याचा. पण बरंचसं लेखन त्यांनी पदरमोड करून छोट्या पुस्तिकांच्या रूपानं छापलं. मास्तरचा पगार तो केवढा, आणि त्यात छपाईचं बिल! कवितेचं पुस्तक स्वखर्चानं काढणारे आपल्याला ठाऊक आहेत. त्यांना निदान मित्रांना सक्तीनं वाचून दाखवता येतं. वजाबाकी कुणाला वाचून दाखवणार?

आपल्याकडच्या गणितपंडितांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. देवळालीचे एक विक्षिप्त मास्तर, आकड्यांचे खेळ करतात, झालं. ह्याच्यावर आपण चटकन रागावतो आणि "बघा, आपल्या माणसाची आपल्याला किंमत नाही" असा हुंदका देतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, दोन्ही बाजूंची खाती पाहिल्याशिवाय सही करत नाही. त्या पंडितांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं नाही.

ह्या बाजूचे सर्वांत मोठे वकील म्हणजे केंब्रिजचे हार्डी. रामानुजनना विलायतेला बोलावून घेणारे तेच. इथे जाता जाता एक नोंद करून ठेवतो. रामानुजन १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागात महिना तीस रुपयांवर कारकून होते. आम्हा कारकुनांना एवढा एकच मोठा माणूस मिळालेला आहे, तेव्हा तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. तर ह्या हार्डींनी १९४० साली 'अ मॅथमॅटिशियन्स अपॉलॉजी' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात ते म्हणतात की, ८७१२ आणि ९८०१ हे दोनच चार अंकी आकडे आपल्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत, म्हणजे ८७१२ हा २१७८ च्या चौपट आणि ९८०१ हा १०८९ च्या नऊपट. कोडी छापणाऱ्या सदराला हे ठीक, पण गणित्याला ह्यात काही राम नाही. थोडक्यात, हे गणित नव्हे, गंमत.

त्यांचा मुद्दा असा की, ह्या गमती आकड्याच्या नसतात, आकडा लिहिण्याच्या पद्धतीच्या असतात. आपण दहाच्या हिशेबानं मोजतो, कारण हातांना दहा बोटं आहेत. आठच बोटं असती आणि आठाच्या हिशेबानं मोजलं असतं, तर ७६४१ वजा १४६७ चं उत्तर ६१५२ आलं असतं आणि ६१७४ मुकाट्यानं वीजबिलावर परतला असता. मूळ संख्यांचं तसं नाही. तेरा हा बोटं कितीही असोत, मूळच. तेव्हा ६१७४ हे विश्वाचं सत्य नाही, दशमान पद्धतीचं घरगुती सत्य आहे. हे मला पटतं.

पण मग माझं म्हणणं असं की, दहा बोटं आहेत ना? मग ती असताना त्यांच्यातलं गुपित शोधून काढायला काय हरकत आहे? आणि हार्डींनी नाक मुरडून बाजूला सारलेल्या त्याच ९८०१ कडे कापरेकरांनी कसं पाहिलं ते बघा. ९८०१ हा ९९ चा वर्ग. त्याचे दोन तुकडे करा, ९८ आणि ०१. बेरीज ९९. वर्ग केला, मोडला, मिळवला, आणि मूळ माणूस परत आला. असेच ४५, ५५, २९७, ७०३. ह्यांना आज 'कापरेकर संख्या' म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, वीस आणि पंचवीस पंचेचाळीस. म्हणजे २०२५ ह्या सालाच्याही वाट्याला तो मान आला. आणि हार्डींच्या टॅक्सीचा तो जगप्रसिद्ध १७२९, ज्याच्यावर रामानुजननी हॉस्पिटलच्या खाटेवरून सांगितलं की दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगळ्या प्रकारांनी लिहिता येणारी ही सर्वांत लहान संख्या, तो देवळालीच्या हिशेबात कोण आहे? अंकांची बेरीज एकोणीस, एकोणीस गुणिले एक्याण्णव सतराशे एकोणतीस. हर्षद! आणि वर एकोणीस उलटा लिहिला की एक्याण्णव. टॅक्सी एकच. लंडनच्या बाजूनं बघितली तर घन दिसतात, देवळालीच्या बाजूनं बघितली तर हर्ष.

मला स्वतःला ह्या वजाबाकीत जे ओळखीचं वाटलं ते दुसरंच. मी नोकरीला लागलो तेव्हा जाडजूड लेजरं कपाटांत जाऊन बसली होती आणि टेबलांवर संगणक आले होते, पण लेजरवर आयुष्य काढलेले एक हेडक्लार्क निवृत्तीला टेकलेले होते. ते सांगत, पूर्वी महिनाअखेरीला बचत खात्यांची बेरीज जुळली नाही की रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत फरक शोधत बसायचं. त्यावर त्यांचा पहिला मंत्र असा: "फरकाला नवानं भाग जातो का बघ. गेला तर कुणीतरी अंक उलटे लिहिलेत." पाच हजार चारशेऐवजी चार हजार पाचशे लिहिले तर फरक नऊशे. ८३ चे ३८ झाले तर फरक पंचेचाळीस. अंकांची जागा बदलली की फरक नवाच्या पटीतच येतो, कारण अंक एक घर सरकला की दहापट होतो, म्हणजे त्याच्या मूळ किमतीत नऊपट भर पडते. कापरेकरांच्या खेळात आपण दर पायरीला तेच तर करतो. तेच चार अंक वेगळ्या क्रमानं लिहून वजा करतो. म्हणून पहिल्याच पायरीपासून सगळी उत्तरं नवाच्या पटीतली. हेडक्लार्कांच्या भाषेत सांगायचं तर कापरेकरांनी ती चूक मुद्दाम, पद्धतशीर आणि शेवट येईपर्यंत करून पाहिली.

पण नवाच्या पटीत तर हजारो आकडे आहेत, मग सगळे एकाच दारात का? त्याचंही उत्तर कळण्यासारखं आहे. वजाबाकी करताना चारही अंकांकडे पाहण्याची गरजच नसते. दोनच गोष्टी मोजल्या जातात: सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान ह्यांतलं अंतर, आणि मधल्या दोघांतलं अंतर. पहिल्याला ९९९ नं गुणा, दुसऱ्याला ९० नं गुणा, मिळवा, वजाबाकी तयार. १९४६ घ्या. नऊ आणि एक ह्यांत अंतर आठ, सहा आणि चार ह्यांत अंतर दोन. आठ गुणिले ९९९ म्हणजे ७९९२, दोन गुणिले ९० म्हणजे १८०, एकूण ८१७२. अशा अंतरांच्या जोड्या होऊन होऊन चोपन्नच होतात. म्हणजे जवळजवळ दहा हजारांची गर्दी पहिल्याच पायरीला चोपन्न दारांतून आत घेतली जाते. पुढच्या पायरीला अंकांचा क्रम बघायचाच नसल्यामुळे त्या चोपन्नांचीही तीसच कुळं उरतात. एवढ्या तीस कुळांची वंशावळ एका रात्रीत कागदावर मांडून होते आणि सगळ्यांचा मूळपुरुष एकच निघतो. त्यात चमत्कार नाही, हे समजल्यावर माझी निराशा होईल असं मला वाटलं होतं. उलट झालं. गर्दी कशी पांगते हे कळल्यावर गर्दी पाहायला जास्त मजा येते.

आणि हे सगळीकडे होतं असंही नाही. तीन अंकी आकड्यांचा असाच एक मुक्काम आहे, ४९५. पण दोन अंकी आकड्यांचं बघा. २७ पासून निघा: ४५, मग ०९, मग ८१, मग ६३, आणि पुन्हा २७. पाच टेबलांवरून फिरून फाईल परत पहिल्या टेबलावर! निर्णय नाही. सरकारी कामकाजाचं इतकं अचूक चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही. पाच अंकी आकडेही असेच कायम गोल गोल फिरत राहतात, त्यांना मुक्कामच नाही. सहा अंकींत दोन मुक्काम आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, शिवाय एक चक्कर आहेच. चार अंकींचं मात्र सरळ. एकच घर, आणि सगळे घरी येतात. बँकांनी पिन चार अंकी ठेवला तो काही ह्या कारणानं नव्हे, पण मला ते आवडतं.

१९६२ साली कापरेकर निवृत्त झाले. पेन्शन पुरेसं नव्हतं. १९६६ साली पत्नी गेल्या. मास्तर गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या करून घर चालवत राहिले. बँकेच्या काउंटरवर पेन्शनर मंडळी येतात. पासबुकातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचतात आणि मग घडी घालून खिशात ठेवतात. त्यांच्यातला कोण नदीकाठी बसून काय शोधत होता, हे पासबुकात कुठे छापलेलं नसतं. मी पासबुक परत देताना हल्ली जरा चेहऱ्याकडे बघून देतो.

मग १९७५ चा मार्च महिना आला. अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर गणिती खेळांचं सदर लिहीत. जगभरचे हौशी आणि व्यावसायिक गणिती ते सदर आधी वाचत आणि मग बाकीचं मासिक. त्या महिन्यात त्यांनी देवळालीच्या कापरेकरांवर आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांवर लिहिलं. मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे होते, निवृत्तीला तेरा वर्षं होऊन गेली होती. त्यानंतर त्यांचं नाव जगभर पसरलं. आज कुठल्याही देशातल्या संगणकाच्या वर्गात पोरांना वजाबाकीचा हा धडा देतात आणि पोरं 'काप्रेकर' की 'कॅपरेकार' असं काहीतरी म्हणत तो करतात. त्या उच्चाराचं डहाणूला काय वाटेल ते वाटो.

१९८६ साली कापरेकर गेले.

परवा बेरजा संपल्यावर हातात पेन्सिल होती म्हणून मी त्यांच्या सालांची गंमत करून पाहिली. जन्माचं साल १९०५. त्याला ६१७४ ला पोचायला पूर्ण सात पायऱ्या लागतात, एकही कमी नाही. आकडा हाती लागला ते १९४६, गार्डनरनी लिहिलं ते १९७५, आणि ते गेले ते १९८६. तिन्हींत मोठा अंक नऊ, लहान अंक एक. मधले दोघे सहा-चार, सात-पाच, आठ-सहा, म्हणजे तिन्हीकडे अंतर दोन. तिन्ही सालं पहिल्याच वजाबाकीला एकाच दारातून आत जातात, ८१७२. पुढे ७४४३, आणि तिथून वाट आपल्या सतराशे साठचीच: ३९९६, ६२६४, ४१७६.